नावाचा रकाना

हर्षाला पाचवा महिना लागला आणि ती जर्मनीतल्या आपल्या छोट्या गावाच्या नोंदणी कार्यालयात गेली. बाळ झाल्यावर कागदांसाठी धावाधाव नको, आधीच विचारून ठेवावं, एवढाच विचार. साडेनऊची वेळ मिळाली होती. बरोबर साडेनऊला दार उघडलं. लिंडनर नावाच्या बाईंनी तिला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला आणि एक छापील यादी पुढे केली.

यादीत दुसऱ्याच ओळीवर तिचं बोट थांबलं. आईचा जन्मदाखला.

तिचा नवरा कुलदीप चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेला, त्याचा दाखला होता. लग्नाचा दाखलाही होता. हर्षाचा जन्म मात्र घरचा. सिंदेवाही तालुक्यातल्या आंबेटोल्याला, मातीच्या घरात, गावातल्या सुईणीच्या हातचा. तिचा जन्मदाखला कधी कोणी काढला नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर दहावी झाली, नर्सिंग झालं, पासपोर्ट निघाला, आणि आठ वर्षांपूर्वी ती इथल्या दवाखान्यात नोकरीला आली. तिनं शाळेचा दाखला आणि त्याचं भाषांतर पुढे केलं.

लिंडनरबाईंनी ते दोन्ही शांतपणे वाचलं आणि परत दिलं. "तुम्ही शाळेत गेला होतात, हे यावरून कळतं," त्या म्हणाल्या. "जन्म कुठे, कोणाच्या पोटी झाला, ते कळत नाही."

"दाखला मिळालाच नाही तर?"

"बाळाची नोंद होईलच. फक्त तुमच्या नावापुढे एक ओळ लिहावी लागेल. आईची ओळख सिद्ध झालेली नाही, अशी."

बाईंच्या आवाजात खोट नव्हती. हवामान सांगावं तसं त्यांनी सांगितलं. हर्षा बाहेर येऊन बसथांब्यावर बसली. नऊ महिने पोटात वागवायचं आणि कागदानं म्हणायचं, ही कोण ते नक्की नाही. तिनं त्याच संध्याकाळी तीन आठवड्यांची रजा टाकली. डॉक्टरांनी विमानाला हरकत नाही म्हटलं. फेब्रुवारीच्या शेवटी ती नागपूरला उतरली, आणि तिचा धाकटा भाऊ विक्की आपली जीप घेऊन तिला न्यायला आला.

विक्कीची जीप ब्रह्मपुरी ते सिंदेवाही सवारी मारते. तिच्या काचेवर मागे आंबेटोला असं लिहिलं आहे, आणि गावात जीप एकच असल्यामुळे तिला सगळे नुसतं 'आंबेटोला' म्हणतात. रस्ताभर त्यानं विचारलं, तिकडं थंडी किती, पगार किती, दवाखान्यात म्हातारेच येतात का. दाखल्याचं ऐकून तो हसला. "एवढ्यासाठी आली का तू ताई? चुटकीसरशी काम आहे. दोन दिवसांत करून देतो."

हर्षाला बरं वाटलं. दोन दिवस म्हणजे आपल्याकडचे आठ, असं तिनं मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी आई गुणाबाईला घेऊन ती आंबेटोल्याच्या ग्रामपंचायतीत गेली. कुलूप होतं. ग्रामसेवक मीटिंगला गेले, असं समोरच्या पानटपरीवाल्यानं सांगितलं. तिसऱ्या दिवशीही मीटिंगच होती. चौथ्या दिवशी साडेअकराला ते आले. पंख्याखाली बसले, मोबाइल चार्जिंगला लावला आणि म्हणाले, "बोला बाई."

तिनं सांगितलं. त्यांनी मागच्या लोखंडी कपाटाकडे मान वळवली, पण उठले नाहीत.

"एक्क्यान्नवची नोंद? नाई भेटत."

"एकदा पाहता का?"

"पाह्यलं ना आम्ही. याच्या आधीपन लोक आले होते. आडनाव काय म्हनले?"

"जनबंधू."

"म्हनजे तिकडले, विहारापाशी राहनारे?"

"हो," हर्षा म्हणाली. जर्मनीत आडनाव विचारत ते एकेक अक्षर नीट लिहून घ्यायला. इथं ते विचारल्यावर माणूस किती बोलायचं हे ठरवतो, हे ती आठ वर्षांत विसरली नव्हती, फक्त सवय सुटली होती. गुणाबाईची सवय सुटली नव्हती. ती दाराजवळच उभी होती, खुर्ची रिकामी असून.

"आई, बस," हर्षानं खुर्ची ओढून दिली. मग ग्रामसेवकांना म्हणाली, "ठीक आहे. नोंद मिळत नाही, असं लेखी द्या."

"लेखी?"

"हो. तुमच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानं. कोणत्या वर्षाच्या वह्या तपासल्या आणि काय आढळलं, एवढं."

ही तिची तिकडची सवय. तिथं शब्दाला मोल नव्हतं आणि कागदाशिवाय कोणी हलत नसे. पहिल्या वर्षी तिला त्याचा वैताग यायचा. मग लक्षात आलं की कागद मागितला की समोरच्याला काम करावंच लागतं. तिथं तिनं घरमालकाकडून लेखी घेतलं होतं, विमा कंपनीकडून घेतलं होतं, एकदा तर वरिष्ठ डॉक्टरकडून. अर्ज लिहून तिनं टेबलावर ठेवला आणि पोच मागितली.

ग्रामसेवकांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "बाहेरगावी राह्यता वाटते."

"हो जी."

ते उठले. कपाट उघडायला किल्ली सापडायलाच दहा मिनिटं गेली. वह्या निघाल्या, धूळ निघाली, एका वहीतून पालीचं पिल्लू निघालं. ग्रामसेवक वर्षं वाचत खाली गेले आणि शेवटच्या वहीवर थांबले.

"सत्त्यान्नवपासूनच आहेत इथी," ते म्हणाले. त्यांनाही ते आजच कळलं होतं. "त्याच्या आधीच्या नाईच."

तेव्हा खुर्चीतून गुणाबाई हळूच बोलली. "असतीन कशा? तवा पंचायत इथी कुठी होती. तवा चिचखेड्याले जा लागे. राशनकार्ड, घरटॅक्स, सारं चिचखेड्यालेच."

हर्षानं आईकडे पाहिलं. "मग काल काऊन नाई सांगितलं?"

"तू विचारलं का मले?"

ग्रामसेवकांनी लेखी दिलं. 'या कार्यालयात सन १९९७ पासूनच्या नोंदवह्या उपलब्ध आहेत.' सही, शिक्का, तारीख. शिक्का उलटा पडला होता, पण हर्षानं तो कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये असा ठेवला की जणू तिला अर्धं राज्य मिळालं.

संध्याकाळी विक्की आला तो वेगळीच बातमी घेऊन. शहरात त्याच्या ओळखीचा एक माणूस होता. तो जन्मदाखला करून देतो. हुबेहूब, क्यूआर कोडसकट. "तारीख सांग, नाव सांग, परवा हातात. लोकं करून राह्यले ना ताई. आमच्या स्टँडवरच्या तिघांनी केला."

"खोटा?"

"खोटा काऊन? तू जन्मली नाई का?"

ती हसली नाही. तिकडं त्या कागदाची तपासणी होते, दूतावासातून माणूस गावापर्यंत विचारायला येऊ शकतो, आणि खोटं निघालं तर नावापुढची ती ओळ राहीलच, वर नोकरीही जाईल, असं तिनं त्याला समजावलं. विक्कीला ते पटत नव्हतं असं नाही. पण दोन दिवसांत करून देतो म्हणाला होता आणि चार झाले होते, याचा त्याला राग होता.

"तू लय नियमवाली झाली तिकडं राहून," तो म्हणाला. "बाबा गेले तवाबी नियमच होता तुहा."

गुणाबाई चुलीपाशी होती. तिनं हातातली फुंकणी खाली ठेवली.

चार वर्षांपूर्वी त्यांचे वडील देवाजी गेले, तेव्हा हर्षाच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. तिनं अर्ज वेळेवर केला होता. नवं कार्ड घ्यायला बोलावणं मात्र सात आठवड्यांनंतरचं होतं. मधल्या काळात देश सोडलात तर परत घेतीलच असं सांगता येत नाही, असं फोनवरच्या माणसानं फार सभ्यपणे सांगितलं. तिनं तीन ईमेल लिहिले. तिन्हींना एकच उत्तर आलं, यंत्रानं धाडलेलं. तिनं त्या कार्यालयाच्या बंद काचेच्या दारासमोर जाऊन पाहिलं. आत लोक काम करत होते. वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नव्हतं आणि काचेवर हात आपटावा अशी ती जागा नव्हती. देवाजींना तिनं विक्कीच्या मोबाइलवर शेवटचं पाहिलं, तेही मधेच नेटवर्क गेलं.

हे विक्कीला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं.

"तिथल्या माणसांनी दार उघडलं असतं तर मी आलेच असते," हर्षा शेवटी म्हणाली. "त्यांनी मला दारातून हाकललं नाही रे. त्यांना मी दिसलेच नाही."

विक्की उठून बाहेर गेला. जीपच्या बॉनेटवर बसून राहिला. जेवायला हाक मारल्यावर आला, दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "चिचखेड्याले उद्या सकाळी निघू. सवारी नाई घेत मी उद्या."

चिचखेडा आंबेटोल्यापासून चौदा किलोमीटर. मधला निम्मा रस्ता जंगलाचा, आणि वाघीण दोन पिल्लांसह फिरते म्हणून वनखात्यानं संध्याकाळी पाचनंतर जाऊ नका असा फलक लावलेला. ते तिघं सकाळी आठलाच निघाले. धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोळीचं कडधान्य कापणीला आलं होतं. मोहाखाली बायांनी पालापाचोळा झाडून जागा स्वच्छ केल्या होत्या, फुलं पडायला अजून थोडे दिवस होते.

चिचखेड्याच्या पंचायतीचं दार उघडं होतं. आत रिना मडावी नावाची ग्रामसेविका बसली होती. तिशीची, केस घट्ट बांधलेले, टेबलावर डबा आणि तीन वेगवेगळे शिक्के. आंबेटोल्याचा कागद तिनं नीट वाचला.

"हे लेखी कोनी दिलं तुम्हाले?" तिनं विचारलं.

"मागितलं."

"मंग बरं केलं. याच्यावर मले काम करता येते." ती कपाटाशी गेली, बराच वेळ खाली बसून शोधत राहिली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "माह्याकडं दोन हजार एकपासून आहे ताई. मी दोन वर्षांपूर्वी आली इथी. चार्ज घेतला तवा जुन्या वह्या यादीतच नव्हत्या. तेरा साली वादळात या इमारतीचं छप्पर उडालं होतं म्हनतात. तवाच गेल्या असतीन."

"मग?"

"मंग उशिराची नोंद. तहसीलला अर्ज, पुरावे, प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, चौकशी. लागते वेळ."

"किती?"

रिनानं खोटं सांगितलं नाही. "तुमच्या रजेत नाई होत."

हर्षानं टेबलावरचे कागद गोळा केले. तिकडं असती तर इथंच सगळं संपलं असतं. नोंद नाही, नमस्कार, दुसरी वेळ घ्या. तिनं फाइल पिशवीत घातली. विक्की दाराशी उभा होता, पण त्या शहरातल्या माणसाचं नाव त्यानं काढलं नाही.

गुणाबाई मात्र उठली नव्हती. तिनं रिनाला विचारलं, "छप्पर उडालं तवा इथी शिपाई कोन होता बाई?"

"जंगूभाऊ. जंगू आत्राम. रिटायर झाले ते."

"अन्नपूर्णाचा नवरा काय? मोहफुलाच्या बाजारात बसे ती?"

"तीच."

"चाल," गुणाबाई हर्षाला म्हणाली. रिनानं घड्याळ पाहिलं, दाराला कडी घातली आणि तीही बरोबर निघाली.

जंगूभाऊ अंगणात बांबूची टोपली विणत होता. पन्नाशी-साठीत असावा असं वाटलं, पण तो सत्तरीचा होता. वह्यांचं नाव काढताच त्याचे हात थांबले.

"मले काई मालूम नाई," तो म्हणाला. "मी शिपाई होतो. वह्या साहेबाकडं."

रिनानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. तो चिडला नव्हता, घाबरला होता, आणि हर्षाला ते लगेच कळलं. दवाखान्यात औषध चुकीचं घेतलेला म्हातारा असाच बोलतो.

गुणाबाई मात्र जंगूभाऊकडे गेलीच नाही. ती थेट ओसरीवर अन्नपूर्णाजवळ जाऊन बसली. चहा झाला. औंदा मोह कसा येईल, कोणाच्या बैलाला वाघानं नेलं, कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली, असं बोलणं चाललं. मग गुणाबाईनं लेकीकडे बोट केलं. "हे माही पोरगी. पाच महिन्याची आहे. तिकडच्या कागदावर लिहून राह्यले, इची माय कोन ते माहीत नाई. मी बसली आहे ना इथी जिती. पन मले कोन विचारते तिथी?"

अन्नपूर्णानं कप खाली ठेवला. मग नवऱ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "देऊन टाका ना जी. बारा वर्ष झाले. माळ्यावर उंदरापासून जपून राह्यलो आपन."

जंगूभाऊनं टोपली बाजूला ठेवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी पंचायतीत गुडघाभर चिखल होता. तेव्हाचा ग्रामसेवक आठ दिवस आलाच नाही. जंगूनं भिजलेल्या वह्या घरी आणल्या, याच अंगणात पानपान सुटं करून वाळवल्या, आणि पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या. पुढे ग्रामसेवक बदलला. नव्यानं विचारलं नाही. मग जंगूला भीती वाटू लागली. सरकारी कागद घरात, आणि आपण साधा शिपाई. आज दिल्या तर विचारतील, इतके दिवस घरात काऊन ठेवल्या. पेन्शन अडकवतील. रिटायर होतानाही तो बोलला नाही.

"मले वाटे, जाळून टाकाव्या," तो म्हणाला. "पन त्यात लोकायचे जन्म होते."

हर्षा रिनाकडे वळली. "त्यांना लेखी पोच देता येईल? त्यांनी वह्या सांभाळून ठेवल्या आणि पंचायतीच्या ताब्यात दिल्या, अशी?"

"देता येते का म्हनजे काय, देतेच," रिना म्हणाली. "ग्रामसभेतबी वाचून दाखवते. सरपंचाची सही घेते. जंगूभाऊ, तुम्ही नसते तर या साऱ्या गावाचा दहा वर्षांचा हिशोबच नसता."

विक्की आणि जंगूनं मिळून पेटी माळ्यावरून उतरवली. पाला पार चुरा झाला होता, वास मात्र अजून कडू. पानांना पिवळे डाग पडले होते, शाई काही ठिकाणी पसरली होती. रिनानं ओसरीवर चटई टाकून एकेक वही उघडली. नव्वद. एक्क्यान्नव. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

"तारीख सांगा."

"तेवीस मार्च," हर्षा म्हणाली. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तारीख एक जुलै होती, मास्तरांनी टाकलेली. तिची तेवीस मार्च कोणी टाकली, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. वहीत वेगळी तारीख निघाली तर पासपोर्टशी जुळणार नाही, आणि मग हा दाखला नसण्यापेक्षा वाईट.

रिनाचं बोट पानावरून खाली सरकलं आणि थांबलं.

"मुलगी," तिनं वाचलं. "जन्म तेवीस तीन एक्क्यान्नव. बापाचं नाव देवाजी इतवारी जनबंधू. आईचं नाव गुणाबाई. आंबेटोला, घरी. नोंद सव्वीस तारखेची."

रिनानं वही हर्षाकडे फिरवली. सगळ्यात शेवटच्या रकान्यात, माहिती देणाऱ्याची सही म्हणून, पेन दाबून दाबून काढलेली चार अक्षरं होती. दे, वा, जी, आणि पुढे नुसता ज. देवाजींनी रात्रशाळेत शिकलेली सही.

"तिसऱ्या दिवशी गेले होते ते," गुणाबाई म्हणाली. "मी बाजेवर. मले म्हनले, पोरीचं नाव सरकारात लिहून येतो. पायी गेले, अंधार पडता आले." ती वहीवर वाकली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती सही तिला ओळखता येत होती. "मास्तराले तारीखबी त्यायनंच सांगतली असन."

विक्कीनं मान खाली घातली. त्यानं वहीच्या कडेची धूळ अंगठ्यानं पुसली, आणि पुसतच राहिला, तिथं काही उरलं नव्हतं तरी. हर्षानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला त्या सात आठवड्यांबद्दल त्याला आणखी काही सांगायचं उरलं नव्हतं, आणि त्यालाही विचारायचं.

"एक अडचन आहे," रिना म्हणाली, आणि हर्षानं मान वर केली. "बाळाच्या नावाचा रकाना रिकामा आहे. तिसऱ्या दिवशी नाव कुठं ठेवते कोनी? बारसं मंग झालं असन."

"मग?"

"मंग भरता येते. उशिरा नाव भरायले मुदतवाढ आली आहे, ते चालू आहे सध्या. नमुन्यातला अर्ज, शाळेचा दाखला, आधार, अन् आई आहेच समोर. मी आजच घेते. पन कम्प्युटरवर चढवा लागते, अन् चिचखेड्यात नेट फक्त पान्याच्या टाकीखाली येते."

त्या दुपारी रिना मडावी लॅपटॉप मांडीवर घेऊन पाण्याच्या टाकीखाली सिमेंटच्या ओट्यावर बसली. शेजारी हर्षा. वर टाकी ठिबकत होती. साइट उघडे, मध्येच बंद पडे, पुन्हा उघडे. रिना न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून भरायची.

"इंग्लिशमध्ये देवाजी कसं? व्ही का डब्ल्यू?"

"व्ही."

"पासपोर्टमध्ये पाहून सांगा ताई. एक अक्षर चुकलं तर तुम्ही तिथून परत येनार अन् मी इथी बदलून गेली राहीन."

हर्षानं पासपोर्ट उघडून पाहिलं. व्हीच होता. जर्मनीत पहिल्या महिन्यात एका कारकुनानं असंच स्क्रीन तिच्याकडे फिरवून एकेक अक्षर विचारलं होतं, आणि पंधरा दिवसांनी पत्रपेटीत न मागता एक लिफाफा येऊन पडला होता. त्यात तिचा कर क्रमांक, नाव एका अक्षराचीही चूक नसलेलं. तेव्हा ती जिन्यातच बसली होती. कोणाला न भेटता, कोणाची ओळख न सांगता सरकारनं आपल्याला पत्र लिहावं, याचं तिला फार अप्रूप वाटलं होतं. ते अप्रूप खोटं नव्हतं. वडिलांच्या वेळचं काचेचं दारही खोटं नव्हतं.

इथं दोन दिवस मीटिंगच्या नावानं कुलूप पाहिलं. आडनावावर थांबलेली नजर पाहिली. आणि इथंच एक बाई कार्यालयाला कडी घालून आपल्याबरोबर एका शिपायाच्या घरी आली, आणि आता टाकीखाली बसून तिसऱ्यांदा तेच पान भरते आहे. तिकडं हे झालं नसतं. तिकडं कदाचित याची गरजच पडली नसती. यातलं बरं कोणतं, हे तिला ठरवता येईना, आणि थोड्या वेळानं तिनं ठरवायचं सोडून दिलं. पाठ दुखत होती. बाळ हललं. तिनं ओढणीखाली हात ठेवला.

"हललं का?" रिनानं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"हो."

"तुमचं नाव चढलं आत्ता."

साडेचार वाजत आले होते. विक्कीनं दोनदा हॉर्न दिला, जंगलाचा रस्ता होता. मंजुरीला दोन दिवस लागतील असं रिनानं सांगितलं. तीन लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षाच्या मोबाइलवर फाइल आली, आणि विक्कीनं सवाऱ्या बसवलेल्या असताना जीप सिंदेवाहीच्या सेवा केंद्रासमोर थांबवली. मागच्या बाया ओरडतील असं वाटलं, पण काम काय ते कळल्यावर त्या खाली उतरून प्रिंटरभोवतीच उभ्या राहिल्या. कागद गरम गरम बाहेर आला. नाव हर्षा. वडील देवाजी इतवारी जनबंधू. आई गुणाबाई. हर्षानं तो ओळीओळीनं वाचला, मग उलटा शिक्का नाही ना तेही पाहिलं. मग तिला एकदम भूक लागली, गेल्या आठवडाभरात लागली नव्हती अशी, आणि तिनं विक्कीला समोरच्या हॉटेलातून दोन प्लेट आलुपोंगे आणायला सांगितले.

कुलदीपला फोन लावला. तिकडं सकाळ होती, तो बसमध्ये होता.

"मिळाला?"

"मिळाला."

"खरा?"

"तुझ्यापेक्षा जुना," ती म्हणाली. "तुझा नंतर काढलेला आहे. माझी नोंद तिसऱ्या दिवशीची आहे."

तपासणी, भाषांतर, शिक्के हे सगळं पुढे होतंच. त्याची तिला भीती वाटत नव्हती. ते सगळं रांगेचं आणि वाट पाहण्याचं काम होतं, आणि दोन्ही देशांत तिनं ते पुष्कळ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिचखेड्याहून निरोप आला की जंगूभाऊंना पोच मिळाली, आणि त्यांनी ती लॅमिनेट करून आणली. रजेचे दहा-बारा दिवस उरले होते. कोणत्याही कार्यालयात जायचं नव्हतं. पहिल्या दिवशी हर्षा साडेनऊपर्यंत झोपली. गुणाबाईनं तिला उठवलं नाही, अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला ती ओठांवर बोट ठेवून मागच्या दारानं पाठवत राहिली.